इमान आणि विमान

(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, वर्तमानपत्रांतून एक बातमी झळकली होती. दिल्लीत अडकून पडलेल्या पाळीव प्राण्यांना मुंबईत त्यांच्या मालकांकडे पोहोचवण्यासाठी सहा आसनांचे खासगी जेट विमान भाड्याने घेण्याचा बेत जाहीर झाला होता. खर्च सुमारे ९ लाख ६ हजार रुपये. सहा जणांत वाटला तर दरडोई (येथे 'दरशेपटी' म्हणणे अधिक योग्य) दीड लाखाच्या वर. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या एका प्रवाशाने एअर इंडियाच्या विमानातील बिझनेस क्लासची सर्व १२ आसने आपल्या कुत्र्यासह प्रवास करण्यासाठी राखून घेतली. त्याचा खर्च अडीच लाखांच्या घरात गेल्याचे छापून आले. पहिले विमान छोटे व खासगी, दुसरे मोठे व सर्वांचे. पण दोन्हीकडे प्रश्न एकच. कुत्र्याने विमानात बसावे काय?

अशा बातमीवर आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोलले जाते. कोणी संतापतो, कोणी 'हौसेला मोल नाही' असे म्हणून हसतो आणि पान उलटतो. मला दोन्ही पटत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मोल नाही अशी वस्तू आमच्या शास्त्राला अजून सापडलेली नाही. तेव्हा हसण्यापूर्वी किंवा संतापण्यापूर्वी निदान हिशेब तरी मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी मूळचा सावरगावचा. जाम नदीच्या अलीकडे सावरगाव, पलीकडे पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे आमचे नाव दरवर्षी पेपरात येते, एरवी कोणाला आमची आठवण होत नाही. शिक्षणासाठी मावशीकडे, या मराठी-कानडी मुलखात आलो. सुट्टीत घरी गेलो असता ही विमानाची गोष्ट मी ओसरीवर सांगितली. आमचे मोठेबाबा संत्र्याच्या बागेतून नुकतेच आले होते. ते म्हणाले, "कुत्र्याले इमान अन् माणसाले एष्टी नाही! कायचं राज्य आलं बापा!" आमच्याकडे जुनी माणसे विमानाला 'इमान' म्हणतात. त्यावर आजी सुपातले दाणे निवडता निवडता म्हणाली, "मंग त्यात काय झालं? इमान त कुत्र्यापाशीच असते. माणसापाशी कुठी राह्यलं!"

सगळे हसले. पण माझ्या मते या दोन वाक्यांत दोन्ही बाजूंचे वकीलपत्र आले. मोठेबाबा विमानाविषयी बोलत होते, आजी इमानाविषयी.

आधी मोठेबाबांची बाजू घेऊ, कारण ती सोपी नाही. ज्या वर्षी प्राण्यांच्या विमानाची बातमी आली, त्याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातून हजारो मजूर उत्तरेकडे पायी निघाले होते. नागपूर-भोपाळ हमरस्ता पांढुर्ण्यावरूनच जातो. डोक्यावर बोचके, कडेवर मूल आणि पायांना फोड, अशा माणसांचे चित्र डोळ्यांपुढे असताना प्राण्यांच्या विमानाची बातमी वाचली तर तळपायाची आग मस्तकात जाणारच. हा राग खरा आहे आणि त्याला खोटे ठरवण्याचा माझा विचार नाही.

परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहा. ते ९ लाख रुपये कुत्र्यांवर खर्च झाले नसते, तर ते त्या मजुरांच्या पायातील चपलांवर खर्च झाले असते काय? मुळीच नाही. ते एखाद्या हिऱ्याच्या अंगठीवर गेले असते किंवा बँकेत व्याज खात पडले असते. अंगठीची बातमी होत नाही, कुत्र्याची होते. हजार माणसांच्या लग्नात अन्न उकिरड्यावर जाते, तेव्हा आपण तळपायाची आग मस्तकात जाऊ देत नाही. उलट पंगत चांगली उठली म्हणून कौतुक करतो. म्हणजे आपला राग उधळपट्टीवर नाही, तो कुत्र्यावर आहे. मजुराला गाडी न मिळणे हा अन्यायच. पण तो अन्याय कुत्र्याने केलेला नाही. त्याची दाद मागायची तर ती माणसांकडेच मागावी लागेल.

आता आजीची बाजू. आजी शाळेत गेलेली नाही, पण पांडवांचे महाप्रस्थान तिला ठाऊक आहे. द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक पडले, आणि शेवटी धर्मराजाबरोबर उरला तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन न्यायला आला आणि म्हणाला, कुत्र्याला जागा नाही. धर्मराज म्हणाले, मग मलाही नको. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता, हे सर्वांना माहीत आहे. आकाशमार्गाने जाणाऱ्या छोट्या खासगी वाहनात कुत्र्याला घ्यावे की नाही, हा वाद असा आपल्याकडे फार जुना आहे!

या कथेतील एक गोष्ट मात्र बहुधा नजरेआड होते. तो कुत्रा धर्मराजाने विकत आणलेला नव्हता. त्याची जात कोणी विचारली नव्हती. तो केवळ मागोमाग चालत आला होता, आणि सोबत आलेल्याला टाकायचे नाही एवढ्यासाठी धर्मराज स्वतःची जागा सोडायला तयार झाले. मला वाटते, येथेच आपल्याला मोजमाप सापडते. कुत्र्याला विमानात बसवण्यासाठी किती पैसे मोजले, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्यासाठी आपण काय सोडले, हा खरा प्रश्न आहे. पैसेवाल्याने पैसे सोडणे म्हणजे काही सोडणे नव्हे.

मग काय सोडायचे? त्यासाठी छोट्या विमानात कुत्र्यावर काय गुदरते, ते पाहिले पाहिजे. जगात सर्वांत अधिक संख्येने बांधले गेलेले छोटे विमान म्हणजे सेस्ना १७२. १९५५ साली ते प्रथम उडाले. वैमानिक धरून चार आसने, एक इंजिन, आणि उड्डाणाच्या वेळी माणसे, पेट्रोल, सामान सर्व धरून कमाल वजन सुमारे १,१०० किलो. आपल्याकडे वैमानिक तयार करणाऱ्या संस्थांतून अशीच विमाने वापरतात. मोठ्या विमानात एक माणूस उठून मागे गेला तर काही बिघडत नाही. छोट्या विमानात मात्र वजन किती आणि ते कोठे ठेवले, हे दोन्ही उड्डाणापूर्वी मांडावे लागते, कारण विमानाचा तोल त्यावर अवलंबून असतो. तीस किलोचा लॅब्राडोर मध्येच उठून मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला तर तोल बदलतो. घाबरून पुढे उडी मारून वैमानिकाच्या पायाशी शिरला तर त्याहून वाईट. म्हणून कुत्र्याला छातीपट्ट्याने आसनाशी बांधावे लागते किंवा पिंजऱ्यात ठेवावे लागते. मोटारीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा आपण पाहतो. तसली मजा येथे नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. एका इंजिनाच्या विमानात माणूस कानांवर जाड हेडसेट चढवून बसतो, तरी उतरल्यावर काही वेळ कान घुमत राहतात. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. त्याच्या मापाची कानझाकणी बाजारात मिळतात. पण ती कोणत्याही कुत्र्याला पहिल्या दिवशी सहन होत नाहीत. आधी घरात कित्येक दिवस सवय करावी लागते. तिसरी गोष्ट हवेची. मोठ्या विमानात हवेचा दाब राखलेला असतो, या छोट्या विमानांत बहुधा तसे नसते. १०,००० फुटांच्या वर हवा इतकी विरळ होते की माणसालाही प्राणवायूची सोय लागते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर जमिनीवरही धाप लागते, त्यांचे वर काय होईल! चौथी गोष्ट उष्म्याची. वर गेल्यावर दर हजार फुटांमागे साधारण २ अंश गारवा वाढतो हे खरे. पण आधी विमान जमिनीवर उभे असते. वैशाखात नागपूरच्या धावपट्टीजवळ काचा बंद असलेल्या विमानात पंधरा मिनिटे बसून पाहावे, म्हणजे कळेल. माणसाला सर्वांगाला घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे एवढाच त्याच्यापाशी उपाय.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की हा प्रवासी मुका आहे. त्याचे कान दुखले, पोट ढवळले, जीव घाबरला, तरी तो विमान उतरवा म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने 'नको' म्हणण्याचा अधिकार फक्त मालकाकडे आहे. म्हणूनच मी म्हणतो, सोडायचे ते हे : आपली हौस. चार दिवसांच्या सहलीसाठी, छायाचित्र काढून मिरवण्यासाठी कुत्र्याला विमानात नेणे, हे प्रेम नव्हे. त्याला घरीच, ओळखीच्या माणसापाशी ठेवणे हे प्रेम आहे. पण बिऱ्हाडच हलत असेल, किंवा उपचारासाठी दूर न्यायचे असेल, तर तोल, कान, श्वास आणि उष्मा यांची काळजी घेऊन विमानाने नेण्यात गैर काहीच नाही. रेल्वेच्या दीड दिवसाच्या प्रवासापेक्षा दोन तासांचे उड्डाण त्याला सोसवेलही.

इतिहासात या दोन्ही प्रकारच्या प्रेमाची उदाहरणे आहेत. १९४० साली फ्रान्समधील युद्धभूमीवर रॉबर्ट बोझदेख या चेक हवाई सैनिकाला एका पडक्या घरात अल्सेशियनचे पिल्लू सापडले. त्याचे नाव त्याने अँटिस ठेवले. पुढे इंग्लंडच्या हवाई दलात काम करताना हा अँटिस एके दिवशी लपूनछपून बॉम्बफेकी विमानात शिरला, आणि नंतर मालकाबरोबर उडतच राहिला. तो जखमीही झाला. १९४९ साली त्याला प्राण्यांसाठी असलेले डिकिन पदक मिळाले. अँटिसला कोणी नेले नाही; तो धर्मराजाच्या कुत्र्यासारखा मागोमाग गेला.

आता दुसरे उदाहरण. मॉस्कोच्या रस्त्यावरची एक बेवारस कुत्री पकडून, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी तिला स्पुटनिक-२ मधून अंतराळात पाठवले गेले. तिचे नाव लायका. परतीची सोयच केलेली नव्हती. ती वर गेल्यानंतर काही तासांतच उष्म्याने मेली, ही गोष्ट जगाला २००२ साली कळली. लायकाच्या नावाने जगभर तिकिटे निघाली, पण परतीचे तिकीट कोणी काढले नाही. माणसाने कुत्र्यासाठी खास वाहन बांधले, कोट्यवधी खर्च केले, आणि तरीही त्यात कुत्र्याचा विचार नव्हता. तेव्हा खर्च मोठा म्हणून प्रेम मोठे, हे समीकरण लायकाने कायमचे खोटे ठरवले आहे.

आपल्या देशात कुत्रा प्रवासाला निघाला की तो कोण ठरतो? रेल्वेचा नियम मोठा गमतीचा आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गात संपूर्ण कूपे आपल्या नावे मिळाला तर कुत्रा बरोबर नेता येतो. त्याचे भाडे ६० किलो सामानाच्या दराने. गार्डाच्या डब्यातील पेटीतून नेला तर ३० किलोच्या दराने. म्हणजे तोच कुत्रा पहिल्या वर्गात शिरताच दुप्पट जड होतो! विमान कंपन्यांतही तो पिंजऱ्यासकट किती किलोचा, यावर तो प्रवाशांत बसणार की सामानात, हे ठरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकासा एअरने ही सोय सुरू केली तेव्हा ७ किलोपर्यंतचा प्राणी माणसांत आणि त्यावरचा माल-कक्षात, असा नियम होता. थोडक्यात, हिशेबाच्या वहीत कुत्रा हा प्रवासी नाही, तो नग आहे. खासगी विमानात तेवढे तरी होत नाही. तेथे तो मालकाशेजारी बसतो, हे त्या विमानाच्या बाजूने म्हटले पाहिजे.

येथे आमच्या कन्नड विभागातील मित्रांना आनंद होईल अशी एक गोष्ट सांगतो. मुधोळचे संस्थान घोरपड्यांचे. त्यांनी जोपासलेला मुधोळ हाउंड हा शिकारी कुत्रा मराठी आणि कानडी दोघांचाही. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत हा होता. २०२१ साली बागलकोट जिल्ह्यातील मुधोळजवळच्या तिम्मापूर येथील श्वान संशोधन केंद्रातून या जातीची चार पिल्ले हवाई दलाला देण्यात आली, आग्र्याच्या विमानतळावरील पक्षी हुसकावण्यासाठी. उड्डाणाच्या वेळी पक्षी इंजिनात शिरला तर विमान कोसळू शकते. म्हणजे माणसाचे विमान सुखरूप उडावे म्हणून धावपट्टीवर धावणारा कुत्राच. कुत्र्याने विमानाशी इमान राखले, विमानाने कुत्र्याशी काय राखले?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या जमाखर्चात दुहेरी नोंद असते. प्रत्येक नावेसमोर एक जमा लागतेच. कुत्र्याच्या हवाई प्रवासाचा खर्च एका बाजूला लिहिला, तर दुसऱ्या बाजूला काय लिहायचे? माझे म्हणणे असे, की दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचा कुत्रा लिहावा.

आमच्या सावरगावात, आणि मला वाटते सगळ्या देशात, माणूस नुसता खाली वाकला तरी कुत्रे पळत सुटते. वहाणेचा अंगठा नीट करायला वाकलेला असला तरीही. कारण वाकलेला माणूस दगड उचलतो, हे त्याला ठाऊक आहे. आणि माणसाच्या बाजूनेही भीती खोटी नाही. पिसाळलेला कुत्रा चावला आणि वेळेवर लस मिळाली नाही, तर पुढे उपाय नाही. एकेकाळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. आता दंडावर मोजकी पुरतात, पण ती वेळेवर मिळायला हवीत. कुत्र्यांमुळे होणारा हा रोग २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांनी करायचे असते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची नसबंदी आणि लस देऊन होती तेथेच सोडावीत, असा आदेश दिला. आदेश उत्तम. पण डॉक्टर, गाडी, पिंजरा, लस यांना पैसे लागतात, आणि छोट्या नगरपालिकेच्या तिजोरीत ते अखेरच्या रांगेत उभे असतात.

आणि पैसा तर विमानात बसला आहे! खासगी विमाने बहुतेक कंपन्यांच्या नावावर असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत प्राणी-कल्याण हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. ज्या कंपनीच्या विमानातून मालकाचा कुत्रा उडतो, तिने या २ टक्क्यांतला काही भाग तालुक्याच्या ठिकाणच्या कुत्र्यांच्या लसीकरणाला द्यावा, ही मागणी अवाजवी आहे काय?

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेत २००८ साली 'पायलट्स एन पॉज' नावाची संस्था निघाली. तेथे स्वतःचे छोटे विमान असलेले हौशी वैमानिक, मारले जाण्याची भीती असलेल्या बेवारस कुत्र्यांना आपल्या खर्चाने उडवत दूरच्या गावी, त्यांना सांभाळायला तयार असलेल्या घरी पोहोचवतात. विमान तेच, हौस तीच, पण प्रवासी रस्त्यावरचा. आपल्याकडेही उदाहरण आहे. रतन टाटा स्वतः वैमानिक होते; २००७ साली बंगळूरच्या प्रदर्शनात त्यांनी एफ-१६ विमानातून उड्डाण केले. कोणताही कुत्रा कोठेही उडवत नेणे त्यांना अवघड नव्हते. पण २०१८ साली मुंबईच्या बॉम्बे हाउसचे नूतनीकरण झाले, तेव्हा तेथे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली ठेवली गेली. २०२४ च्या जुलैत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. खर्च सुमारे १६५ कोटी. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला ते गेले. ज्याला आकाश खुले होते त्याने कुत्र्यासाठी जमिनीवर जागा केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तात्पर्य, कुत्र्याला विमानात नेणाऱ्याला हसू नये आणि शिव्याही देऊ नयेत. त्याला दोन प्रश्न विचारावेत. हा प्रवास तुझ्यासाठी की त्याच्यासाठी? आणि ज्या गावाहून उडालास आणि ज्या गावी उतरलास, तेथल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या खात्यावर तू काय जमा केलेस? या दोन प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्याने खुशाल विमान उडवावे, आणि शेजारच्या आसनावर आपल्या मोत्याला बसवावे. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवून वर्षाचे ऋण मानणारे आम्ही लोक आहोत; आमची त्याला ना नाही. मात्र उत्तर न देता जो नुसताच उडाला, त्याच्या वहीत विमानाची नोंद सापडेल, इमानाची नाही.